ओढ्यापलीकडचे दोन एकर

गुन्हेगार माझ्या नावाने चळाचळा कापतात, असे मी म्हणणार नाही. त्यांना माझे नाव माहीत नाही, एवढीच माझ्या धंद्यातली अडचण आहे. बाकी नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती अशी की चष्मा कुठे ठेवला ते सोडून सगळे आठवते. लोक मला भिंगकाका म्हणतात, बहुधा आदराने.

हे प्रकरण माझ्या ताईचे. ती तिसऱ्या मजल्यावर राहते आणि तिच्या गुडघ्यांनी जिन्याशी उघड वैर धरले आहे. त्याच इमारतीत तळमजल्यावरची खोली विकायला निघाली होती. मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. खोली घ्यायची तर ताईचे गावाकडचे दोन एकर चांगल्या भावाने विकायला हवे होते. ते काम तिने माझ्यावर सोपवले. तिला दुसरा भाऊ नाही.

संशयित मी पहिल्याच दिवशी हेरला. शेजारचा गोठेवाला भल्या सकाळी आमच्या बांधावरून पावले मोजत चालला होता. विक्रीची कुणकुण लागताच हा गिऱ्हाइकांचे कान भरणार आणि भाव पाडणार, हे मी ताडले. म्हणून पाटी लावली नाही, दलालाला कळवले नाही. गिऱ्हाइकांना गोठ्यासमोरच्या रस्त्याने न नेता मागच्या बाजूने, चपला हातात घ्यायला लावून, ओढ्यातून नेले.

चौघे आले. चौघांनी माती चोळून पाहिली, मान डोलावली आणि परतताना ओढ्याच्या मध्यावर ते गप्प झाले. तिघे पुन्हा फिरकलेच नाहीत. चौथ्याने, एका रोपवाटिकावाल्याने, निम्मा भाव सांगितला.

माझा पहिला तर्क, गोठेवाला त्यांना धमकावतो. मी दोन दिवस झुडपात बसून पाळत ठेवली. त्याने कोणालाही गाठले नाही. एकदा फक्त झुडपासमोर थांबून, प्यायला पाणी हवे का, असे विचारले. मी डोक्यावरची फांदी आणखी खाली ओढली. दुसरा तर्क, जमिनीखाली काहीतरी भयंकर आहे. खणले तर एक गंजलेला नाल निघाला. तिसरा सर्वांत भेदक होता. चौघेही घड्याळ डाव्या हातात बांधत होते, म्हणजे ती एकच टोळी होती.

महिना संपायला पाच दिवस असताना मी हा अहवाल ताईला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाली, "उद्या मला तिथे ने. रस्त्याने. माझ्या गुडघ्यांना पोहता येत नाही."

रिक्षा गोठ्यासमोरून थेट आमच्या शेताच्या तोंडाशी जाऊन थांबली. गोठेवाला धार काढून बाहेर आला. ताईने त्याला सरळ सांगितले की जमीन विकायची आहे.

"मग मला का नाही विचारलं, मावशी? चाऱ्याला जमीन हवी म्हणून वर्षभर पावलं मोजतोय. हे काका माणसांना ओढ्यातून न्यायचे. मला वाटलं, मासे धरतायत."

ताईने त्याला भाव विचारला नाही. तिने तिथूनच रोपवाटिकावाल्याला फोन केला. तो तासाभरात टेम्पो घेऊन थेट बांधापर्यंत आला आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. त्याची समजूत अशी झाली होती की इथे रोपे डोक्यावरून पाण्यातून न्यावी लागतील.

मग ताईने दोघांना गोठ्यातल्या बाकड्यावर शेजारी शेजारी बसवले आणि आपण समोर बसून शेंगा सोलू लागली. एकाने आकडा सांगितला. ताई गप्प. दुसऱ्याने वाढवला. ताईने टरफल टाकले. मी तिच्या कानाशी लागून, आता हो म्हण, असे कुजबुजलो, तेव्हा तिने माझ्या पायावर पाय दिला आणि तो काढलाच नाही. शेवटी गोठेवाल्याने असा भाव सांगितला की रोपवाटिकावाला उठून टेम्पोकडे गेला. तेव्हा ताई हो म्हणाली.

परतताना मी तिला समजावले की ही सगळी माझ्या पाळतीची पुण्याई. तिने ते मान्य केले. मग म्हणाली, "खोलीच्या मालकाकडे मात्र मी एकटीच जाते, धाकट्या. तो माणूस बरा आहे."