पुन्हा एक चक्कर

यशवंत ओव्हाळांच्या गमती मी आयुष्यभर सांगत आलो. लग्नकार्यात, पेन्शनरांच्या कट्ट्यावर, नातवंडांसमोर. लोक हसायचे, आणि हसू ओसरायच्या आत मी विषय बदलायचो. पुढचा भाग मला सांगायचा नसायचा. आता वय झालं. ज्यांनी तो ऐकायला हवा होता त्यांच्यापैकी कुणी उरलेलं नाही, तरी लिहितो.

सुरुवात गमतीपासूनच करतो, कारण माणूस गमतीचा होताच.

ओव्हाळ कुठंही सरळ शिरत नसत. आमच्या साखर कारखान्याचे क्वार्टर ऑफिसच्या अगदी मागं होते. आम्ही सगळे मागच्या दारानं आत यायचो. ओव्हाळ मात्र सायकल काढायचे, ऑफिसच्या कडेनं, बाभळींच्या पलीकडून, पार फाटकाच्या दिशेनं दूर जायचे. तिथं डावीकडं वळायचे, थोडं जाऊन पुन्हा डावीकडं वळायचे, आणि मुरमाच्या रस्त्यानं नाकासमोर पुढच्या दाराशी यायचे. तोंडानं पुटपुटणं चालू असायचं, "डाऊनविंड... बेस... फायनल." विमान उतरण्याआधी तळाभोवती जी चौकोनी फेरी घेतं, तिच्या बाजूंची ही नावं. शेवटची, धावपट्टीवर सरळ आणणारी बाजू म्हणजे फायनल.

या वेळी दारात कुणी उभं असलं तर ओव्हाळ घंटी वाजवत नसत, ओरडत नसत. "पुन्हा एक चक्कर," एवढं म्हणून बाजूनं निघून जायचे आणि सगळा वळसा पहिल्यापासून घालून यायचे. आमचा हणमंता शिपाई मुद्दाम दारात उभा राहून चपलेतला खडा काढत बसायचा. दोनतीन चकरा झाल्या की म्हणायचा, "ओव्हाळभाऊ, पेट्रोल संपंल की."

"संपू दे. पर फायनलवाल्याला आडवं जायचं न्हाय, आन् धावपट्टी मोकळी नसताना उतरायचं न्हाय. रागवायचं बी न्हाय."

घरीही तीच तऱ्हा. त्यांच्या बायकोला, शांताबाईंना मी एकदा विचारलं, "तुम्हाला वैताग नाही येत?" त्या म्हणाल्या, "कशाला यील? मागच्या अंगानं सायकल गेली की मी तवा ठेवते. दारात येस्तवर भाकर फुगलेली असती. सरळ येणाऱ्यांच्या बायकांना इचारा, गार भाकरीवरनं किती ऐकून घ्यावं लागतं ते."

लोकांना वाटायचं ओव्हाळ वैमानिक होते. ते वैमानिक नव्हते, आणि त्यांनी तसं कधी सांगितलंही नाही. हवाईदलात ते आगीच्या बंबावर होते. विमान उतरताना आदळलं, पेटलं, तर धावायचं हे त्यांचं काम. म्हणजे धावपट्टीच्या कडेला बंबावर बसून प्रत्येक विमान खाली येईपर्यंत बघत राहायचं. स्वतः ते कधी हवेत गेले नव्हते.

त्यातली एकच गोष्ट त्यांनी मला सांगितली, तीही कारखान्याच्या चिमणीकडं बघत. "एकाहत्तरची लढाई व्हती सायेब. सकाळी गेलेली इमानं दुपारी परत यायची. एकामागं एक, फेरी घालून, चाकं खाली करून. आमी बघायचो. एक दिवस सगळी आली, एक न्हाय आलं. बंब मागं न्या म्हणून सांगायला कुणी आलंच न्हाय. मग आमी तिथंच ऱ्हायलो, दिवस मावळंस्तवर. त्यो यील, फेरी घालंल, मग उतरंल, आसं वाटायचं." मी म्हणालो, "शूर माणूस." ते म्हणाले, "व्हय. पर शूर व्हायला येळ कितीक लागतो? उतरायला येळ लागतो."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडं कारखान्यात कंप्यूटर आला. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आता तो बंद आहे आणि ऊस टाकायच्या गव्हाणीत बाभळी उगवल्यात. कंप्यूटर आपली नोकरी खाणार या भीतीनं कुणी त्याला हात लावेना. शेतकी विभागातल्या ओव्हाळांना सोलापूरला शिकायला धाडलं. मशीनसाठी वेगळी खोली, बाहेर चपला काढायच्या, खिडकीत कूलर. कूलर कोरडाच असायचा, कारण त्या वर्षीही पावसानं दगा दिला होता आणि प्यायलाच टँकर येत होता. म्हणून खिडकी उघडी असायची.

मशीन बसवायला आलेल्या पोरानं जाताना एका फ्लॉपीत लढाऊ विमानाचा खेळ ठेवून दिला. हिरव्या रेघांची धावपट्टी, हिरव्या रेघांचे डोंगर. शत्रूची विमानं यायची, आपण गोळ्या झाडायच्या. मशीनमधून टर्रर्र असा कर्कश आवाज निघायचा. चेअरमनसाहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि शत्रूपेक्षा आपल्याच तळावर जास्त गोळ्या झाडायचे.

ओव्हाळ जेवणाच्या सुट्टीत तोच खेळ खेळायचे, पण गोळी झाडत नसत. विमान उडवायचं, डावीकडं वळायचं, पुन्हा डावीकडं, तळाला समांतर जायचं, चाकं खाली, वळायचं, वळायचं आणि उतरायचं. बस. सुरू करण्याआधी खिडकीतून चिमणीचा धूर बघून वारा कुठला ते ठरवायचे. मशीनमध्ये वारा नव्हता हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. गाळप बंद असलं, धूर नसला, की चिमूटभर बगॅस, म्हणजे रस काढलेल्या उसाचा भुसा, आणून खिडकीबाहेर सोडायचे.

आम्ही मागं उभे. "ओव्हाळ, मागं दुश्मन लागलाय. हाणा की."

"लागू द्या. म्या बेसला हाय."

"अहो, तो गोळ्या घालतोय."

"त्येचं काम त्यो करतोय. आपलं उतरायचंय."

पडद्यावर भडका उडायचा. आम्ही टाळ्या पिटायचो. "मेले ओव्हाळ."

"मेलो न्हाय. उतरायचा ऱ्हायलो. पुन्हा एक चक्कर."

इथपर्यंतच मी सांगायचो.

आता उरलेलं. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ओव्हाळांनी एक मोठं काम केलं होतं. कार्यक्षेत्रातल्या प्रत्येक उसाची लागणीची तारीख मशीनमध्ये घालून तोडणीचा क्रम लावला होता. ज्याची लागण आधी, त्याच्या फडात तोडणीची टोळी आधी. मग तो संचालकाचा मेहुणा असो की कडेची गुंठाभर जमीनवाली विधवा. कधी नव्हे ती सरळ रांग लागली होती. दुष्काळात तिचं मोल फार. विहिरी आटत होत्या, उभा ऊस थांबायला तयार नव्हता. तो सगळा क्रम एका फ्लॉपीत होता. दुसरी प्रत काढून ठेवायची असते हे कळायला आम्हाला ती फ्लॉपी जावी लागली.

त्या दुपारी ओव्हाळ जेवायला बाहेर लिंबाखाली बसले होते. त्यांची थोरली बहीण तेरजवळच्या गावाहून आली होती. सगळे तिला आक्का म्हणत. नवरा नव्हता, मूल नव्हतं. ओव्हाळांना आईमागं तिनंच वाढवलेलं. तिचा थोडासा ऊस होता आणि टोळी कधी येणार ते विचारायला ती भाकरी बांधून आली होती. मी हेडक्लार्क. खोली रिकामी दिसली. लोकांसमोर खेळायची मला लाज वाटायची. मी चपला काढल्या, आत गेलो, खेळ लावला आणि मनसोक्त गोळ्या झाडल्या. पाच विमानं पाडली असतील. खेळ संपल्यावर मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला इंग्रजी येत होतं. थांबून वाचावंसं वाटलं नाही. मी होकार दाबला. शेजारच्या खोबणीत तोडणीची फ्लॉपी होती. मशीन बराच वेळ घरघरत राहिलं. मी चपला घालून माझ्या टेबलावर येऊन बसलो.

संध्याकाळी कळलं, फ्लॉपी कोरी झाली.

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेबांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. फ्लॉपी गेल्याचं त्यांना दुःख झालेलं मला काही दिसलं नाही. पण फाटकावर शेतकरी जमले होते आणि कुणाचं तरी नाव हवं होतं.

"खेळ तुम्हीच खेळता ना ओव्हाळ?"

"व्हय सायेब."

"काल दुपारी मशीनवर कोण होतं?"

ओव्हाळांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "मशीनची जबाबदारी माझी हाय सायेब," ते म्हणाले.

हे उत्तर नव्हतं. ते खोलीतल्या प्रत्येकाला कळायला हवं होतं. मी टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिलो. ऑफिस सुपरिंटेंडेंटच्या जागेसाठी माझं नाव त्याच आठवड्यात संचालक मंडळापुढं जायचं होतं.

ओव्हाळांना मशीनवरून काढून वजनकाट्यावर टाकलं. तोडणीचा क्रम नव्यानं केबिनमध्ये बसून हातानं लावला गेला. कुणाचा ऊस वर गेला आणि कुणाचा खाली, ते सांगायची गरज नाही.

त्या दिवशी सायकल स्टँडवर ते मला भेटले. रोज "जयभीम सायेब" म्हणायचे, तसं म्हणाले. मग सायकलचं कुलूप काढत, माझ्याकडं न बघता बोलले. "खिडकी उघडी व्हती सायेब. गोळ्यांचा आवाज बाहीर लई येतो. आक्का इचारीत व्हती, यशवंता, ह्यो कसला आवाज? म्या म्हणलं, कुणीतरी लढाय लागलंय."

मी म्हणालो, "ओव्हाळ, मी उद्या सांगतो साहेबांना."

"नगा सांगू. तुमी फायनलला आलात. इतक्या वर्सांनी. आता म्या कशाला आडवा येऊ? म्या घेतो पुन्हा एक चक्कर."

ते हसले. मी उद्या सांगितलं नाही. परवाही नाही. मी सुपरिंटेंडेंट झालो आणि मला खिडकीजवळचं टेबल मिळालं. तिथून काटा दिसायचा. काट्यावर ओव्हाळ प्रत्येक गाडीवानाला हात करून वळसा घालून आणायचे, आणि संचालकांचे ट्रॅक्टर मधूनच घुसायचे.

आक्काची पाळी अगदी शेवटाला गेली. तिची विहीर तोवर टिकली नाही. उसाची चिपाडं झाली आणि ती छावणीतल्या जनावरांपुढं टाकली. हे मला हणमंतानं सांगितलं. आक्का फाटकापर्यंत आली होती. आत आली नाही. काट्यावर उभ्या भावाला सगळ्यांसमोर म्हणाली, "खेळापायी माझा ऊस वाळविलास. पोटच्या पोरावानी वाढविलं तुला. आता माझ्या दाराला येऊ नगंस."

"मग ओव्हाळ काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणत्यात? हुबं ऱ्हायले. गाडी आली तसं वजन घेतलं."

त्यानंतर बहीण-भाऊ बोलले नाहीत. पुढं ओव्हाळ निवृत्त होऊन गावी गेले. तिथं दोघांच्या घरांची भिंत एक होती. शांताबाई भिंतीवरून आक्काला कालवण द्यायच्या. ओव्हाळांनी दिलं तर ती घेत नसे. हे ऐकल्यावर माझी झोप गेली म्हणावं, तर तसंही नाही. मी झोपत होतो. पण सायकलची घंटी ऐकली की उगाच दाराकडं बघायचो.

निवृत्तीनंतर एकदा मनाचा हिय्या करून मी धाराशिवहून तेरची एसटी धरली आणि तिथून चालत त्यांच्या गावी गेलो. काय बोलायचं ते वाटेत पक्कं केलं होतं. ओव्हाळांशी बोलायचं नव्हतंच. त्यांना सगळं ठाऊक होतं. मला आक्काशी बोलायचं होतं, त्यांच्या देखत. आक्का शेजारच्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. फार वाकली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "कोण पाव्हणं?"

"कारखान्यातला," मी म्हणालो.

ती पुन्हा शेंगा फोडायला लागली.

शांताबाई म्हणाल्या, "ते रानातनं यायलेत. आत्ताच मागनं गेले बघा." आणि त्यांनी तवा ठेवला. मी ओव्हाळांच्या दारातच उभा राहिलो. गल्लीच्या टोकाला सायकल वळली. डावीकडं, मग पुन्हा डावीकडं. ओव्हाळ सरळ समोरून येत होते, डोक्यावर पांढरा रुमाल, ओठ हलत होते. मला त्यांनी ओळखलं. चेहरा उजळला. पण मी दारात होतो. दार मोकळं नव्हतं. त्यांनी हात वर केला, सायकल बाजूला घेतली आणि घराला वळसा घालायला निघून गेले.

तेवढाच वेळ माझ्या हातात होता. ते परत येणार, उतरणार, मग मी बोलणार. आक्का दोन हातांवर होती. शेंगा फुटत असल्याचा आवाज येत होता.

"वहिनी, एसटीची वेळ झाली," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

"आवं, भाकर व्हायलीय."

मी दार सोडलं आणि विहाराच्या बाजूनं, ते जिकडून येणार नव्हते त्या वाटेनं निघालो. मागं सायकल थांबल्याचा आवाज आला. त्यांनी हाक मारली नाही. दार मोकळं झालं होतं, ते उतरले असतील.

आधी आक्का गेली. तिच्या मागोमाग ओव्हाळ गेले. हणमंता दोन्हीकडं मातीला गेला होता. म्हणाला, आक्काच्या वेळी ओव्हाळ लांब वळसा घालून आले आणि सगळ्यांच्या शेवटी उभे राहिले.

त्या दिवशी वाटेत पाठ केलेलं वाक्य अजून जसंच्या तसं आठवतं. एसटीत बसल्यावरही मी ते दोनदा म्हणून पाहिलं होतं. आक्का, तुमच्या भावानं कधी एक गोळी झाडली नाही. त्या दुपारी मशीनवर मी होतो. मला माफ करा, आणि त्याला दारात घ्या.