भरीत, ऊब वगळून

शिष्टाचार अपार्टमेंट्सच्या नियमावलीत आगीची व्याख्या अशी केलेली आहे: "आग म्हणजे ज्योत, ठिणगी, निखारा, धग, ऊब किंवा यांपैकी कशाचाही भास." ही व्याख्या श्रीरंग सबनिसांची. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात उभी हयात मसुदे करण्यात घालवून ते निवृत्त झाले आणि दिल्लीच्या द्वारका भागातल्या या सोसायटीचे सचिव झाले, तेव्हा त्यांच्या पत्नीला, अरुणाताईंना, वाटलं होतं की आता हा माणूस जरा घरात लक्ष घालेल. त्यांनी नियमावलीत लक्ष घातलं.

व्याख्येत 'ऊब' येण्यामागे इतिहास होता. गेल्या थंडीत गेटवरचा चौकीदार भूपसिंह लोखंडी घमेल्यात चार काटक्या पेटवून हात शेकत बसायचा. दिल्लीची हवा तेव्हा अशी होती की समोरची इमारत जागेवर आहे की नाही, हे फोन करून विचारावं लागे. या हवेचं काहीतरी केलं पाहिजे यावर सोसायटीत एकमत होतं. गाड्यांचं काही करता येत नव्हतं, कारण त्या सभासदांच्या होत्या. घमेलं भूपसिंहाचं होतं, ते जप्त झालं. मग तो समोरच्या चहावाल्याकडून तापलेली वीट आणून पायाशी ठेवू लागला, म्हणून सबनिसांनी 'धग' आणि 'ऊब' हे दोन शब्द वाढवले. समिती काही निर्दय नव्हती. तिनं चौकीदारासाठी विजेचा हीटर मंजूर केला. गेटवर प्लगची सोय नसल्यामुळे तो समितीच्या कार्यालयात ठेवण्यात आला, आणि पडून राहून खराब होऊ नये म्हणून सभेच्या वेळी लावण्यात येऊ लागला.

सगळं सुरळीत चाललं होतं. एवढ्यात मार्गशीर्ष लागला आणि सबनिसांच्या आईनं निखारा मागितला.

कुमुदताईंचं वय चौऱ्याऐंशी, कुलदैवत खंडोबा आणि आजार मधुमेह. आषाढापासून त्या वांग्याला शिवत नसत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवायचा, कुत्र्याला त्यातला घास घालायचा आणि मग स्वतः जेवायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. आजवर वांगं निदान गॅसवर तरी भाजलं जात होतं. यंदा स्वयंपाकघर नवं झालं आणि विजेची गुळगुळीत शेगडी आली. तिच्यावर वांगं ठेवलं की ती हे भांडं नाही असं समजून शिट्टी वाजवून बंद पडे. अरुणाताईंनी रंगीत तालीम म्हणून एक वांगं ओव्हनमध्ये करून दाखवलं. कुमुदताईंनी ते बोटानं दाबलं.

"हे उकडलंय," त्या म्हणाल्या. "देवाला मी उकडलेलं दाखवणार नाही. चार निखारे करा खाली अंगणात. नैवेद्य झाल्याशिवाय मी जेवायची नाही, तुमचं तुम्ही बघा."

सबनीस घाबरले. आईनं एक जेवण जरी चुकवलं तरी दवाखाना गाठावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं, आणि आई बोलते ते करते, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

त्यांची मुलगी उल्का दिल्लीतच वाढलेली. तिनं मदतीचा हात पुढे केला. "बाबा, आजीला निखारच पाहिजे ना? चलो, पार्लरला नेऊ. सरोजिनी नगरला एक मस्त आहे, एकदम ग्लो येतो."

निखारा म्हणजे जळता कोळसा, असं अरुणाताईंनी तिला सांगितलं.

"अच्छा, म्हणजे अंगारा."

"अंगारा नको मला," कुमुदताई आतून म्हणाल्या. "देवघरात डबीभर आहे."

त्या दिवशी सबनिसांनी रहिवासी या नात्यानं सचिवांकडे अर्ज केला. सचिव या नात्यानं त्यांनी तो काळजीपूर्वक वाचला. अर्जात भाजावयाच्या वस्तूची स्थिती, म्हणजे सोललेली की सालीसकट, स्पष्ट केलेली नव्हती. त्यांनी अर्ज शेऱ्यासह स्वतःला परत केला आणि मनातून थोडे खट्टूही झाले. दुरुस्त अर्ज मग अध्यक्ष भसीनसाहेबांपुढे गेला.

"सबनीस जी, रूल तो आप ही का है," भसीनसाहेब हीटरपुढे पाय पसरून म्हणाले. "बिल्कुल वॉटरटाइट. मैं क्या करूँ?"

सबनिसांना संकटातही बरं वाटलं.

नियमाप्रमाणे पहिली अट होती अग्निशामक सिलिंडर चालू असल्याच्या दाखल्याची. तो चालतो की नाही हे आग विझवून पाहिल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि आग लावायला परवानगी नव्हती, कारण दाखला नव्हता. उपसमितीनं यावर खूप डोकं खाजवून उल्काची केशरी ओढणी टेबलफॅनपुढे बांधली आणि तिला आग मानलं. व्याख्येत 'भास' हा शब्द होताच. सिलिंडर अप्रतिम चालला. ओढणी विझली, पंखा जळला आणि सिलिंडर रिकामा झाला. करोल बागेतून तो पुन्हा भरून आणला, तेव्हा एका सभासदानं शंका काढली की हा भरलेला सिलिंडर तपासलेला नाही आणि तपासलेला भरलेला नाही. सबनिसांना या सभासदाविषयी एकदम आदर वाटला. शेवटी, जो एकदा चालला तो सभ्य असेल तर पुन्हा चालेल, असा ठराव करून तो प्रश्न मिटवला.

पण ऊब आडवी आली. निखारा म्हटला की ऊब येणार, आणि उबेला तर बंदीच. सबनिसांनी आपलीच नियमावली दुसऱ्याची असावी तशी पळवाटेसाठी चाळली. पळवाट सापडली. गेल्या जानेवारीत सोसायटीनं लोहडीला दोन मजले उंच आग पेटवली होती, तेव्हा त्यांनीच एक पोटकलम घातलं होतं: पुरेशी मोठी, ध्वनिक्षेपकासह व प्रमुख पाहुण्यांच्या उपस्थितीत लावलेली आग ही आग नसून सांस्कृतिक कार्यक्रम समजावा. अर्थात चार निखाऱ्यांना परवानगी मिळणार नव्हती. ढीगभर लाकडाला मिळणार होती.

"अहो, एक वांगं आहे," अरुणाताई म्हणाल्या.

"वांगं एकच राहील," सबनीस म्हणाले. "आग वाढवावी लागेल."

भसीनसाहेबांनी जागेची पाहणी केली. थंडी फार असल्यानं ती त्यांनी गाडीत बसून, इंजिन आणि हीटर चालू ठेवून केली, आणि धुराचा त्रास होणार नाही असा अभिप्राय काच थोडी खाली करून दिला. मंजुरीपत्रात एकच अट घातलेली होती, आणि ती सबनिसांनीच सुचवली होती: कार्यक्रमात निर्माण होणारी ऊब आनुषंगिक समजावी व ती सभासद आणि निमंत्रित वगळता अन्य कोणत्याही व्यक्तीस घेता येणार नाही.

चंपाषष्ठीच्या सकाळी धुकं हटायला तयार नव्हतं. अंगणात 'बैंगन उत्सव' असा फलक लागला. फुटक्या खोक्यांचा आणि जुन्या पलंगांचा ढीग पेटला, तशी सगळी सोसायटी शाली-मफलर गुंडाळून खाली उतरली आणि तळहात पुढे करून उभी राहिली. लाकूड जळत होतं, त्याचा धूर वर जाऊन पहिल्या मजल्यात शिरत होता. पण पहिला मजला खालीच येऊन शेकत असल्यानं कोणाची तक्रार नव्हती. आगीपासून ठरल्या अंतरावर वाळूची बादली घेऊन भूपसिंहाला उभं केलं होतं. त्याची पाठ आगीकडे नव्हती, तोंडही नव्हतं, तो कडेनं भिंतीकडे बघत होता. आगीवर लक्ष ठेवणाऱ्यानं आगीकडे नव्हे तर अनधिकृतपणे शेकायला येणाऱ्यांकडे लक्ष ठेवावं, असा नियम होता. गेटवरून असं कोण येणार, तर आजवर फक्त भूपसिंहच येत आलेला होता. त्यामुळे तो स्वतःवरच डोळ्यांत तेल घालून पहारा देत होता. त्याचे हात बादलीच्या कडीवर निळे पडले होते.

प्रमुख पाहुणे भसीनसाहेबच होते, आणि त्यांचं भाषण लांबलं. ते वांग्याकडून राष्ट्रीय एकात्मतेकडे वळले. खुर्चीत बसलेल्या कुमुदताईंचा चेहरा उतरत चालला, त्यांना घाम फुटला. आपल्या एका शब्दापायी आई जाते की काय, असं सबनिसांना पहिल्यांदाच वाटलं. त्यांनी पाहुण्यांना न विचारता टाळ्या वाजवायला सुरुवात केली, लोकांनी साथ दिली आणि भाषण संपलं. एव्हाना ढीग खाली बसला होता. कुमुदताईंनी हातानंच खूण करून निखारे बाजूला ओढायला लावले आणि वांगं त्यांत खुपसायला सांगितलं. साल तडतडली. तो खरपूस वास पसरला तसं सगळं अंगण वांग्याकडे वळलं.

भरीत झालं, भाकरीवर ठेवून नैवेद्य दाखवला, येळकोट झाला. पहिला घास सोसायटीतल्या भटक्या कुत्र्याला घातला. तो घास खाऊन कुत्रा निखाऱ्यांशी अंगाचं मुटकुळं करून निजला. एकानं हरकत घेतली, की हा सभासद नाही आणि निमंत्रितही नाही. सबनिसांनी नियम पाहिला. नियमात 'व्यक्ती' असा शब्द होता. कुत्रा राहिला.

मग आईनं घास घेतला, आणि सबनिसांच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं नव्हतं. आई जेवत होती, एवढंच त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या घासाला कुमुदताई थांबल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना लांबचं धूसर दिसे. "श्रीरंग, तिकडे भिंतीपाशी कुडकुडत कोण उभंय रे? इकडे बोलाव की शेकायला."

सबनिसांनी तिकडे पाहिलं. त्यांना क्षणभर कसंतरी झालं. पण अट त्यांचीच होती, आणि वॉटरटाइट होती.

"कोणी नाही, आई," ते म्हणाले. "बंदोबस्त आहे."

कुमुदताईंनी मान हलवली आणि जेवण पूर्ण केलं.

लोक पांगल्यावर भूपसिंहाला निखाऱ्यांवर वाळू टाकायला सांगण्यात आलं. त्यानं सावकाश, मूठमूठ वाळू टाकली. मग उकिडवा बसला आणि दोन्ही हात मनगटापर्यंत त्या वाळूत घालून तसाच राहिला. शेजारी कुत्रा होता.

सबनीस परत फिरून आले. "क्या कर रहे हो?"

"बुझी कि नहीं, देख रहा हूँ, साहब."

उत्तर नियमाला धरून होतं. विझल्याची खात्री करणं हे त्याचं कामच होतं. सबनीस वर गेले, आणि संध्याकाळी त्यांनी दुरुस्तीचा मसुदा केला: आग विझल्याची खात्री फक्त डोळ्यांनी करावी.

ही हकिकत सबनीस अजून चारचौघांत रंगवून सांगतात, ओढणीपाशी लोक पोट धरून हसतात. हसून झालं की प्रत्येक जण एकच विचारतो, की मग भरीत कसं झालं होतं. तुमच्याही मनात तेच आलं असेल, म्हणून सांगून टाकतो: फार सुरेख झालं होतं. दुसरा काही प्रश्न आजवर कोणी विचारलेला नाही.