डब्यातली नाळ

भाऊसोंना लेकीचा विषय तीन वर्षांत कळला नव्हता. डबा कुठून आणायचा आणि कुठे पोचवायचा, एवढं मात्र पाठ होतं. निशा कॉलेजच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होती आणि तिला हवी होती नवजात बाळाची ताजी नाळ. दोन महिने कुणी द्यायलाच तयार नव्हतं. या आठवड्यात मिळाली नाही तर विषय बदला, असं सरांनी बजावलं होतं. म्हणून राजारामपुरीतल्या दवाखान्यात संयोगिता नावाच्या बाळंतिणीने सही करून होकार दिला, तेव्हा एसटीचे निवृत्त कंडक्टर भाऊसो लूना काढून स्वतःच धावले.

डबा घेऊन ते जिना उतरत होते, तोच बाळाची आजी आडवी आली आणि तिने डबा धरला. पेठ वडगावच्या अंबूबाई.

"पावणं, माझ्या नातवाची नाळ कुठं चालवलीसा? ती आमच्या परड्यात पुरायची हाय!"

"तुमच्या सुनंनं सही केलीया की."

"करूंदे. नाळंचं करणार काय?"

इथे गप्प बसायचं सोडून भाऊसोंना शहाणपणाची हुक्की आली. "शिरंतल्या पेशी जित्त्या ठेवायच्या, आन् मग त्यांचा श्वास कोंडायचा."

"माझ्या नातवाचा श्वास कोंडणार?"

"नातवाचा न्हाय ओ, नाळंचा!"

"नाळंला नाक कुठलं आलंय?"

खरं तर भाऊसोंनाही तेच विचारायचं होतं. डबा कुणीच सोडेना, तेव्हा दोघंही डब्यासकट रिक्षात बसून प्रयोगशाळेत पोचले. ती तिसऱ्या मजल्यावर. अंबूबाई धापा टाकत आत शिरल्या.

निशाने त्यांना पाणी दिलं. "आजी, झंपराला आतनं अस्तर असतंय न्हवं? तसं नाळंतल्या शिरंलाबी असतंय. हवा कमी पडली की ते अस्तर काय करतंय, एवढंच बघायचंय मला. उरलेली नाळ तुमची तुमाला."

"हवा कमी, म्हंजे आत्ता जिन्यात माजं झालतं तसं?"

"अगदी तसंच."

"मग असं सांगायचं की! ह्या पावण्यांनी जीव घाबरा केला."

भाऊसोंचं तोंड पडलं. शिरेलाही झंपरासारखं अस्तर असतं, हे त्यांनाही आजच कळत होतं.

तासाभराने निशाने उरलेली नाळ परत दिली. अंबूबाईंनी ती घेऊन खिडकीतून खालची कॉलेजची बाग न्याहाळली.

"वडगावात न्हाय, हितंच पुरायची," त्या म्हणाल्या. "परड्यात पुरली तर पोरगं म्हशीमागंच जाईल. हितं पुरली तर ह्या पोरीवाणी शिकंल."

भाऊसोंनी कॉलेजच्या बागेत खड्डा खणला.

आठ दिवसांनी सकाळी भाऊसोंच्या दारात सहा आज्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात डबा. दोघी तर थेट शिरोळहून आल्या होत्या.

"अंबूबाईंनी धाडलंय. पोरं शिकायसाठी नाळ पुरत्यात, ते हितंच न्हवं?"

निशा दात घासत बाहेर आली आणि ब्रश तोंडात तसाच ठेवून डब्यांकडे बघत राहिली. भाऊसोंच्याही डोक्यात काही शिरेना. पण अशी रांग त्यांनी एसटीत जन्मभर बघितली होती, आणि काय मागायचं तेही आता पक्कं ठाऊक होतं.

"सही! सुनंची सही दाखवा!" ते आवाज चढवून ओरडले. "सही न्हाय त्यांनी खाली उतरा!"