रंगनाथमामाच्या गोगलगायींची जात

एसटीत आमच्या रंगनाथमामाच्या पिशवीला धक्का लावू नका. पिशवीत डबा असतो आणि डब्यात जिवंत गोगलगायी. एकदा कंडक्टरनं झाकण उघडलं, तर जाफराबाद येईपर्यंत मागची दोन बाकं रिकामी. मामा उलट खूश. "आता पोरींना बराबर हवा लागून राह्यली!"

मामा शाळेच्या प्रयोगशाळेत शिपाई होता. रिटायर झाला, त्याच साली मामी गेली, आणि तेव्हापासून त्याला बांधावरच्या या बारक्या गोगलगायींचं वेड लागलं. एका पुस्तकानं नुसता शंख बघून त्यांना भलत्याच जातीत टाकलेलं. दुसरं पुस्तक म्हणतं, जात वेगळी. मामा दुसऱ्या पुस्तकाच्या बाजूनं दहा वर्षं भांडतोय. "वरचं टरफल पाहून जात ठरवायची न्हाई. अंदर पाहायचं!"

तहसीलमध्येसुद्धा गेल्ता. "आमच्याकडं जात चुकीची लावली!" असा ओरडला, तर बाबूनं मान वर न करता शाळा सोडल्याचा दाखला मागितला.

"गोगलगाय कोणत्या शाळेत जाती, साहेब?"

शेवटी मामाच्या पत्रांना कंटाळून म्हणा, विद्यापीठातल्या एक बाई खरंच गावात आल्या. मामानं इस्त्रीचा सदरा घातला होता. बाईंनी भिंगातून शंख पाहिले आणि म्हणाल्या, "काका, मला वाटतं तुमचंच खरं आहे. पण सिद्ध करायचं तर एक कापून आतली रचना बघावी लागेल. एक द्या."

दहा वर्षं मामा याच दिवसाची वाट पाहत होता. त्यानं डबा उघडला. एक उचलली, ठेवली. दुसरी उचलली, तीही ठेवली. चहा गार झाला. मी म्हणालो, "मामा, दे ना एखादी! एवढं काय!"

मामाचे डोळे भरले. "बाई, यातली एकबी अनोळखी न्हाई हो. बायको गेल्यापासून रोज सकाळी यांच्याशीच बोलून राह्यलो मी."

"मग जात ठरणार नाही, काका."

"न ठरू द्या. जित्या राहू द्या."

बाईंनी त्याला वाकून नमस्कार केला आणि गेल्या. पहिल्या पुस्तकात अजून चुकीचीच जात आहे. माझा मामा हरला, आणि मी ते छाती फुगवून गावभर सांगत फिरलो.