टिटवीबाईंनी न वाजवलेली शिट्टी

एका जंगलात एक तळं होतं, आणि उन्हाळ्यात ते नसायचं. तळं नसलं की तिथे फुटबॉलचं मैदान असायचं. प्राणी तेच, फक्त पाण्याऐवजी निकालावरून भांडायचे.

या मैदानावर पंच होत्या टिटवीबाई. खेळातलं फार कळत होतं म्हणून त्यांना पंच केलं, असं समजू नका मुलांनो. त्यांच्या गळ्यात जन्मतःच शिट्टी होती, म्हणून केलं. जंगलात नेमणुका अशाच होतात. पण टिटवीबाई पडल्या काळजीवाल्या. नेमणूक झाली त्या दिवसापासून त्या नियम पाठ करत बसल्या.

खरी काळजी मात्र गोलखांबांच्या मागे होती. तिथे खड्यांमध्ये त्यांची चार अंडी होती. खड्यांसारखीच, ठिपक्याठिपक्यांची. शेजारी उभं राहिलं तरी दिसू नयेत अशी, म्हणजेच हत्तीच्या पायाखाली हमखास यावीत अशी.

पण जंगलात एक रीत होती. पंचाच्या घराभोवती राखेची रेघ ओढायची. ती कोणी ओलांडायची नाही. पंच आहे तोवर रेघ आहे. टिटवीबाईंनी पंचगिरी पत्करली होती ती या रेघेसाठी.

"आज शेवटचा सामना," अंड्यांवर बसलेले टिटवेराव म्हणाले. "कोणाला दुखवू नका म्हणजे झालं."

"म्हणजे चुकीची शिट्टी वाजवू?"

"छे! बरोबरच वाजवा. पण कोणाला दुखवू नका."

काही सल्ले अंड्यासारखे असतात, मुलांनो. दिसायला गोल, उभे करायला गेलं की कलंडतात.

सामना सुरू झाला. एकीकडे पिसारा संघ, त्यांचा लाडका मदनराव मोर. दुसरीकडे चिखल संघ, त्यांचा बचाव सांभाळणारा धोंडू रानडुक्कर. मदनराव खेळायचा बरा, पण पडायचा फार सुंदर. त्याचं पडणं बघायला लोक तीन टेकड्या ओलांडून येत. धोंडूला बघायला त्याची बायकोसुद्धा येत नसे.

शेवटची काही मिनिटं उरली. गोल कोणाचाच नाही. मदनराव वेलींचा चेंडू घेऊन गोलाकडे सुसाट निघाला. धोंडू आडवा घसरत आला. धूळ उडाली. चेंडू एकीकडे गेला, मोर दुसरीकडे.

"मेलो! माझा पाय!" मदनराव तीनदा लोळला, पिसारा पूर्ण उघडून. धरला होता त्याने पंख.

टिटवीबाईंच्या गळ्यात शिट्टी आली होती. त्यांनी ती गिळली. धोंडूची नजर कुठे होती? चेंडूवर. आधी काय लागलं? त्याचं नाक, चेंडूला. सुळे? जमिनीकडे वळवलेले, कोणाला लागू नयेत म्हणून. वेग? होता, पण आवरलेला. चेंडू निघाल्यावर मोर स्वतःच येऊन त्याच्या पाठीला अडखळला होता. तेही हळूच, जागा बघून.

"फाऊल नाही," टिटवीबाई म्हणाल्या. आणि खोटं लोळल्याबद्दल मदनरावाला त्यांनी पिवळं पान दाखवलं.

मैदान पेटलं.

"अहो बाई, डोळे घरट्यात विसरलात काय?" हत्ती ओरडला.

"अंडी उबवा, अंडी!" कोल्हा म्हणाला. हे कोल्ह्याने म्हणावं!

टिटवीबाईंनी सगळं मनात पुन्हा तपासलं. आपण नीट पाहिलं ना? धूळ होती खरी. इतके सगळे चुकतील का?

वाघमहाराजांनी पंजा वर केला. "पुन्हा बघू या."

पुन्हा बघायला त्या जंगलात वानरांची समिती होती. एक वानर धोंडू झालं, एक मदनराव झालं, एक अंग आखडून चेंडू झालं. घडलेला प्रसंग त्यांनी सावकाश करून दाखवला. आणि मुलांनो, सावकाश केली की कोणतीही गोष्ट मुद्दाम केल्यासारखी दिसते. घोटघोट पाणी पिणारं हरीणसुद्धा कट रचतंय असं वाटतं.

धोंडू झालेलं वानर भूमिकेत फारच शिरलं. त्याने दात विचकले, डोळे फिरवले आणि मोर झालेल्या वानराच्या पायावर खरोखरच उडी मारली.

"आई गं!" वानर लंगडत उठलं.

"लंगडतंय कोण?" महाराजांनी विचारलं.

"मी, महाराज."

"मग फाऊल झालाच!"

"पण महाराज," टिटवीबाई म्हणाल्या, "पाय वानराचा दुखावलाय. वानरानेच दुखावलाय. धोंडूने फक्त चेंडू काढला."

"बाई, समिती एवढी कष्टाने लंगडतेय. तिचा काही मान? वाजवा शिट्टी."

टिटवीबाईंनी राखेच्या रेघेकडे पाहिलं. पलीकडून टिटवेराव मान हलवून सांगत होते, वाजवा, वाजवा. एक शिट्टी. एवढीशी.

"मी पाहिलं ते सांगितलं," त्या म्हणाल्या. आवाज शिट्टीपेक्षाही बारीक निघाला.

झालं. टिटवीबाईंना पंचपदावरून मोकळं केलं. लंगडणारं वानर पंच झालं, कारण फाऊलचा अनुभव त्यालाच होता. त्याने पहिलं काम काय केलं? शेपटीने राखेची रेघ पुसली.

मग पेनल्टी दिली. मदनरावाचा पाय तेवढ्यात बरा झाला होता. गोल!

त्या जंगलात गोल करणारा खांबांच्या मागे धावायचा आणि सगळे त्याला उचलायला मागे धावायचे. मदनराव धावला. मागे हत्ती, त्याच्या मागे अख्खं जंगल. सरळ खड्यांकडे.

टिटवीबाईंनी विचार केला नाही. त्या गर्दीपुढे उतरल्या आणि पडल्या. एक पंख लोंबता टाकला, चोच वासली, आणि अशी किंकाळी फोडली की मदनराव जागीच थबकला.

"अगं बाई, पंख मोडला!" हत्तीने डोळे पुसले. "बिचारी!"

बिचारी खुरडत खुरडत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघाली. अख्खं जंगल हळहळत तिच्यामागे वळलं. खड्यांवर एकही पाय पडला नाही.

"कोणी पाडलं?" नव्या पंचाने विचारलं.

"धोंडूने!" सगळे ओरडले. धोंडू तेव्हा पार लांब कंद चघळत होता.

टिटवीबाईंनी चोच उघडली. खरं सांगायचं तर उठावं लागणार. उठलं तर गर्दी मागे फिरणार. त्यांनी चोच मिटली. पुन्हा उघडली.

धोंडूने त्यांच्याकडे पाहिलं. मग लांबवर, खड्यांकडे. त्याची नजर नेहमी असावी तिथेच असायची.

"हो, मीच पाडलं," तो म्हणाला. पंचाने दाखवलेलं पळसाचं लाल फूल त्याने कानामागे खोचलं. जाता जाता पुटपुटला, "उठू नका ताई इतक्यात. गर्दी पांगू द्या. माझ्या घरी पण अकरा आहेत."

टिटवीबाई पडून राहिल्या. पंख मोडला नव्हता, तरी दुखत होता.

सगळे गेल्यावर मदनराव जवळ आला. वाकून म्हणाला, "पंख जरा जास्तच लांबवलात. बाकी उत्तम. कुठे शिकलात?"

तात्पर्य: टक्कर नियमात होती की नव्हती, हे चेंडूकडे बघून ठरवावं. मात्र ज्यांची अंडी मैदानात आहेत, त्यांनी पडण्याचा सरावही सोडू नये. आणि मुलांनो, कानामागे लाल फूल खोचलेला कोणी दिसला, तर त्याने काय केलं हे विचारण्याआधी, त्या वेळी पडलेलं कोण होतं ते विचारा.