दर्भाचा कावळा चालणार नाही

मेलेल्या माणसांना दिलेले शब्द पाळता पाळता ज्याचं घर भरलं, असा माणूस मी एकच पाहिला. आमचे सुभेदार आबा. कृष्णाकाठच्या आमच्या गावातून आबांनी हाक मारली तर ती दूरच्या कुंडल गावात ऐकू जाते आणि तिथला माणूस ओ देतो. मी नोकरीपायी सांगलीत, विश्रामबागेत राहतो. पण गावात कुणाचा दहावा असला की रजा टाकून येतो. खरं सांगायचं तर गेलेल्यासाठी नाही, आबांसाठी.

दहाव्याला नदीवर पिंड मांडतात. कावळा शिवला नाही तर गेलेल्याची इच्छा राहिली असं धरून नातेवाईक हात जोडून एकेक कबूल करत सुटतात. पोरीचं लग्न करतो, विहीर पुरी करतो. त्यांची कल्पनाशक्ती आटली की पांढऱ्या मिशा आणि लष्करी बूट पुढे सरकतात. मग आवाज असा लागतो की पलीकडच्या काठावरची म्हैस पान्हा चोरते. "शेवंतामावशे, तुझी शेरडं मी राखतो. जा तू बिनघोर." की कावळा शिवलाच.

घोटाळा असा, की आबा हे शब्द खरोखर पाळतात. त्यामुळे त्यांच्या पडवीत मावशीची शेरडं आहेत, एका पैलवानाचा आंधळा कुत्रा आहे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या आईचा उद्धार करणारा एक पोपट आहे. एका म्हातारीला मालिकेतल्या सुनेचं पुढं काय होतं ते बघायचं राहिलं होतं. तिच्या फोटोसमोर आबा रोज संध्याकाळी टीव्ही लावून बसतात. सात वर्षं झाली, सून तिथंच आहे. आबा म्हणतात, ह्याच्यापरास सियाचीन सोपं हुतं.

वर, देवाकडे, सगळ्यांना घेतात, हा आबांचा सिद्धांत. एकदा कीर्तनात बुवा पापी माणसाच्या हालांचं तासभर रसभरीत वर्णन करत होते. आबा भर मंडपात उठले. "आवं महाराज, आई काय छाती मोजून पोरं भरती करती व्हय?" बुवांनी घाईघाईनं आरती घेतली. मग पुण्य तरी कशाला करायचं, असं मी विचारलं, तर म्हणाले, "माणूस जातूयच रं वर. पन जीव मागं अडकला की वाटंत खोळंबतो. आपुन मागनं नुसतं ढकलायचं."

या सिद्धांताचा खरा कस लागला तो रंगा तात्यांच्या दहाव्याला. तात्यांचा आणि आबांचा बांधाला बांध आणि त्या बांधावरून वीस वर्षं अबोला. तसं तात्यांचं गावात कुणाशीच पटलं नाही. त्यांनी रात्रीत बांध सरकवले, लोकांचं पाटाचं पाणी तोडलं, पाणंदीत काटे टाकले. पोटची पोरंसुद्धा घड्याळ बघत घाटावर उभी होती. समोर बाभळीवर तीस-चाळीस कावळे होते. एकानं मान वळवली असेल तर शपथ.

पोरांनी जे सुचेल ते कबूल केलं. बारा वाजून गेले. गुरुजींनी शेवटी दर्भ काढला आणि त्याचा कावळा वळायला घेतला. खरा नाही आला तर दर्भाचा शिववतात, तशी सोयच आहे. लोक चपला शोधू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, ह्येला ह्योच बरा, वर तरी कोन दारात उभा करतंय.

तेवढ्यात आबांनी गुरुजींचा हात धरला.

"दर्भाचा कावळा चालनार न्हाई."

गुरुजींनी उन्हाकडे बोट दाखवलं. आबांनी त्यांना सावलीत बसायला सांगितलं. थोरला पोरगा तापला. "आबा, जित्तेपनी बोलला न्हाईसा, आन् आता काय बोलनार वो?"

आबांनी बूट काढले, पिंडासमोर मांडी घातली आणि वाकून काहीतरी बोलले. जन्मात पहिल्यांदा हा माणूस असा बोलला, की चार हातांवर उभ्या असलेल्या मलाही ऐकू गेलं नाही. पुष्कळ वेळ काही झालं नाही. मग एक कावळा उतरला, त्यानं आबांभोवती अर्धी फेरी मारली आणि पिंडाला शिवला.

परतताना मी विचारलं, काय कबूल केलंत? आबा बूट हातातच घेऊन चालले होते.

"हौसा गेली तवा मी बर्फात हुतो," ते म्हणाले. हौसाकाकू म्हणजे त्यांची बायको. "रस्ता बंद. आलो तवर पंधरा दिस झालं हुतं. गुरुजींनीच मागनं सांगितलं, तिच्या दहाव्याला बी कावळा शिवंना. गुरुजी दर्भ वळाय लागलं, तर ह्या रंगानं त्येंचा हात धरला. समदी घरला गेली. ह्यो एकटा दिस मावळंपातुर बसला. कायतरी म्हनला, आन् शिवला."

"काय म्हणाले?"

"त्येच तर. आमचं बोलनं बंद. आज इचारीन, उद्या इचारीन, असं करत वीस वर्सं गेली."

"मग आज तुम्ही काय शब्द दिलात?"

"शब्द कसला. येवढंच इचारलं, तवा तिला काय म्हनला हुतास रं."

मला राहवलं नाही. म्हटलं, आबा, तुमच्या मतानं वर सगळ्यांनाच घेतात. मग या माणसासाठी एवढं उन्हात बसायचं काय कारण?

आबा पाणंदीत थांबले.

"घ्यायलाच पायजे त्येला," ते म्हणाले. "त्यो तितं नसला तर मी इचारू कुनाला?"