पोटावरील सहा वड्यांची हकीकत

श्रीअन्नपूर्णेस वंदन करोन, शके सतराशे नव्वद, विभवनाम संवत्सरी एका राज्यात जे वर्तले ते लिहितो. तेथील राजे यशोधरराव, वय तीस, देह सुखवस्तू; राणी मंदाकिनीबाई, कडेवर सहा महिन्यांचा लेक. भाद्रपदी शेजारचे राजे तालमीत उघडे जाहले, त्यांचे पोटावरी सहा वड्या कोरल्याप्रमाणे दिसल्या, आणि आमचे राजे आपले पोट चाचपीत घरी आले, मग जेवले नाहीत. माघात राणीच्या बंधूंचे लग्न. हळदीस पुरुषांनी अंगरखा उतरावा ऐसी चाल. तोवर वड्या उठल्याच पाहिजेत, ऐसा हुकूम जाहला.

मग वस्ताद मानाजी आणविले, आणि त्यांनी तूप, गूळ, भात मुदपाकखान्यातून हद्दपार केला, आणि अंडी, मूग, उकडली कोंबडी एवढाच शिधा ठेविला, आणि जोर, बैठका, मल्लखांब चालिले. गाल बसले, स्वभाव आंबला. लेकरू रडले तरी राजे खेकसत. चार वड्या दिसल्या, खालच्या दोन दिसेनात. वस्ताद बोलिले, "सरकार, कातडीखाली पाणी अडलंय. हळदीआधी मीठ बंद, पाणी बंद. मग कशा दिसत नाहीत बघतो!" तैसेच केले.

राणीसाहेबांची नजर बारीक. राजांचे ओठ फुटले, बोटे आखडोन हातचा घास सुटला, हे त्यांनी पाहिले. बोलिल्या, "अहो, घोटभर तरी घ्या. पेटके येताहेत तुम्हाला."

"उद्याचा दिवस जाऊ दे, मग विहीर पितो."

"बरं. पण बाळाला उचलू नका हं, हात जोडते."

"आता माझंच पोर मला जड झालं का?" ऐसे म्हणोन राजे हसले, तो ओठांतून रक्त आले.

हळदीदिवशी मेहुणे ओरडले, "दाजी, काढा की अंगरखा! आत लाडू लपवलेत काय?" राजांनी काढिला, आणि सहाही वड्या दिसल्या, आणि मांडवात एकच वाहवा जाहली. चितारी कागद घेऊन बसला होता. कोणी बोलिले, "आमच्या भाच्याला उचला, चित्र शोभेल!" राजांचे हात तेल-हळदीने माखलेले, तैसेच त्यांनी लेकरू राणीच्या कडेवरून ओढिले, डोईवर धरिले, पोट आवळिले, आणि तेच क्षणी दोन्ही हातांस पेटका आला. लेकरू निसटले. राणीसाहेबांनी लेकरावरची नजर हटविली नव्हती. झेप घेतली, अर्धे हातात आले, अर्धे फरशीवर आदळले. लेकराच्या खांद्याचे हाड मोडले. वाजंत्री थांबली, राजेही तेथेच कोसळले, मग तोंडात पाणी ओतिले. चिताऱ्याने पोट हुबेहूब काढिले. लेकरू काढिले नाही.

तात्पर्य, राजांस सहा वड्या प्राप्त जाहल्या, त्या पाणी पिताच बुजल्या. हाड सांधले. लेकरू सारे विसरले, बाप दिसता दोन्ही हात पुढे करिते. राणीसाहेब सोडीत नाहीत.